पाण्यातला करदोटा

पुणतांब्याच्या घाटावर झुंबरबाई धुणं घेऊन आली की बायका आपापला दगड सोडून जवळ सरकत. तिचा गहिनीनाथ नेव्हीत पाणबुड्या होता. पाठीवर हवेची टाकी बांधायची, पायात रबरी पंख घालायचे आणि समुद्राच्या तळाशी जायचं, असलं त्याचं काम. गोदावरीच्या डोहात वाढलेलं पोर ते, तेव्हा पाण्याची धास्ती झुंबरबाईला नव्हती. माशांची होती.

म्हणून भरतीला जाताना तिनं त्याच्या कमरेला चांदीचा करदोटा बांधला, त्यात खंडोबाचा बारकासा टाक अडकवला, आणि मगच आतला काळा दोरा तोडला. जित्या पुरुषाची कंबर घटकाभरही उघडी ठेवायची नसते. करदोटा निघतो तो सरणावर. वर आणही घातली, "माझ्या जिवात जीव हाय तवर ह्यो निघता कामा न्हाई."

त्याच्या बापानं जन्मभर काळा दोराच घातला होता आणि तो काही माशानं खाल्ला नव्हता. पण जावेच्या पोराला चांदीचा होता. हे कारण झुंबरबाईनं खंडोबालासुद्धा सांगितलं नव्हतं.

मागच्या रजेत गहिनीनाथ जेवताना ओझरतं बोलून गेला की एकदा शार्क आला होता.

"ह्यो कोन?"

"दातांचा मासा. बैलगाडीएवढा. आला आन् गेला."

तेवढं बाईला पुरलं. महिनाभरात घाटावरच्या तिच्या गोष्टीत त्या माशानं तोंड उघडलं, त्याला टाकातला खंडेराया दिसला आणि मान खाली घालून तो माघारी फिरला.

"माशाला मान असती का वो?" गोजरबाईनं एकदा विचारलं होतं.

"तू बघितलाय का?"

गोजरबाईनं बघितला नव्हता. झुंबरबाईनंही नव्हता, पण ते कुणी विचारलं नाही.

या रजेत पोराची पाठ चोळताना तिला दिसलं, की त्यानं सबंध करदोट्यावर सायकलच्या ट्यूबची काळी पट्टी गुंडाळली आहे. किती जपतो बघा आईच्या वस्तूला, म्हणून तेही घाटावर सांगून झालं.

रजा संपायच्या आदल्या दिवशी दुपारी छबूबाई ताट घेऊन आली. तिचा एकुलता सोपान नेव्हीत लागला होता, उद्या गहिनीनाथबरोबरच गाडीत बसणार होता, आणि त्यालाही पाण्याखालचंच काम मिळवायचं होतं. मागं गोजरबाई आणि आणखी दोघीतिघी. ताटात हळदकुंकू, खोबरं आणि नवा कोरा करदोटा. छबूबाईचे पाय मोकळे दिसत होते. करदोट्याच्या चांदीसाठी तोडे मोडले होते.

"आक्का, तुमच्याच हातानं बांधा. तुमचा हात गुणाचा."

ओट्यावर दाढी करत बसलेला गहिनीनाथ अर्ध्या गालाचा साबण तसाच ठेवून उठला. "आई, जरा आत ये."

चुलीपाशी त्यानं आवाज खाली आणला. "सोपानला ते बांधू नगंस."

"का? त्याला चांदी शोभत न्हाई व्हय?"

"मासा त्याच्यामुळंच आला हुता."

झुंबरबाईला आधी कळलंच नाही. मग त्यानं सगळं सांगितलं. दक्षिणेला, बेटांजवळ, पाणी आरशासारखं. गरम म्हणून अंगात नुसती चड्डी. वरून ऊन आणि कमरेला चांदी चमचम करत होती. "त्याचं खाणंच चंदेरी मासे. त्याला वाटलं, मासाच हाय."

"पन गेला ना माघारी?"

"गेला. माझ्या जोडीदाराचा हात फाडून गेला. मॅथ्यू मधी आला. दोन बोटांत आता जीव न्हाई त्याच्या."

चुलीतलं लाकूड खाली घसरलं. दोघांनीही ते सावरलं नाही.

"कशावरनं चांदीमुळंच?" ती म्हणाली. वकिलासारखं बोलल्यासारखं वाटलं तिचं तिलाच.

"नक्की कुनीच सांगत न्हाई. पिवळेधमक पंख घालनारे भी सुखरूप येत्यात, आन् काळ्या रबरात गुंडाळलेल्याकडं भी तो येतो. पन चमकनारं झाकून उतरायचं, ही पहिली शिकवन. आमी घड्याळाचा पट्टा भी झाकतो. मीच झाकलं न्हाई."

"मग ती ट्यूबची पट्टी..."

"नंतरची."

"काढून का न्हाई टाकलास?"

"तुझी आन हुती. आन् कंबर उघडी..." गालावरचा साबण वाळून पांढरा झाला होता.

झुंबरबाईला लाज वाटली. आणि ती आधी त्या परक्या पोराच्या हाताची वाटली नाही, बाहेर बसलेल्या बायकांची वाटली. हे ध्यानात आल्यावर तिला आणखी लाजल्यासारखं झालं.

ती बाहेर आली. "छबू, आज नगं. शनवार हाय."

"तुमीच म्हनला हुता की, लोखंड नगं, पन चांदीला शनवार चालतो."

"आधी देवाला लावून आनावा लागतो."

"आनला की. तुमी सांगितलं तसा भंडारा भी लावलाय."

झुंबरबाईनं वर्षभर घातलेले नियम एकेक करून तिच्यासमोर उभे राहिले. सोपान सदरा वर धरून वाट बघत होता. गहिनीनाथ दारात होता, पण मदतीला येण्यातला दिसत नव्हता. तिनं करदोटा उचलला, आणि परत ताटात ठेवला.

"मासा चांदी बघून आला हुता," ती म्हणाली. "माझ्या पोराच्या कमरंची. दुसऱ्या एका पोराचा हात फाडून गेला. खंडोबाला बघून मान घातली ते मी माझ्या मनचं सांगितलं."

छबूबाईनं आपल्या पायांकडं बघितलं.

"माझ्या सासूचे तोडे हुते, आक्का."

झुंबरबाईनं कोनाड्यातली काळ्या दोऱ्याची गुंडाळी काढली, दोऱ्याचे दोन पदर एकत्र घेऊन मांडीवर पीळ भरला आणि सोपानच्या कमरेला बांधला. मग आपल्या पोराला पुढं बोलावलं. चांदीच्या वर काळा दोरा बांधून घेतला, गाठ ओढून बघितली, आणि मग कोयत्याच्या टोकानं ट्यूबची पट्टी कापून करदोटा सोडवला.

"आन् तुझी आन?" गहिनीनाथ म्हणाला.

"मी घातली. मीच काढली."

तिनं तो छबूबाईपुढं धरला. "दोन्ही मिळून तोडे घडव परत."

छबूबाईनं आपला तेवढा उचलला. "तुमचा ऱ्हाऊ द्या. घाटावर दाखवाया लागंल."

झुंबरबाईनं आपला करदोटा पदराच्या गाठीला बांधला. दुसऱ्या दिवशी गाडी हलताना तिनं खिडकीतून विचारलं, "मॅथ्यूला आई हाय का रं?"

"हाय."

पुढचं गाडीच्या आवाजात गेलं.

स्टेशनावरून ती तशीच धुणं घेऊन घाटावर आली. बायकांनी जागा दिली, पण जवळ कुणी सरकलं नाही. शेवटी गोजरबाईलाच राहवलं नाही.

"आक्का, ती माशाची गोष्ट सांगा की."

दोघी पदराआड हसल्या. छबूबाईनं मान वर केली नाही. झुंबरबाईनं पिळलेलं लुगडं दगडावर ठेवलं आणि पहिल्यापासून सांगायला घेतलं, जावेच्या पोरापासून. या खेपेला माशाला मान नव्हती.