तिसऱ्या गिअरचं भूत

चढाच्या पायथ्याशी सकाळपासून माणसं जमली होती. बाल्कन्या भरल्या, कुंपणाच्या भिंती भरल्या, आणि एरवी दारातल्या चपलांवरून भांडणारे शेजारी खांद्याला खांदा लावून उभे राहिले. सगळ्यांचे डोळे एका पांढऱ्या गाडीवर. गाडीचा मालक हिवाळ्यात तापाने गेला होता, आणि गेल्यापासून तो बायकोला वसाहतीबाहेर जाऊ देत नव्हता, असं सगळे सांगत.

पुरावा म्हणून रस्ताच समोर होता. वसाहत खोलगट जागी, बाहेर पडायचं तर चढ, घरी यायचं तर उतार. त्याची बायको गाडी घेऊन निघाली की चढावर इंजिन किंचाळायचं, आकड्यांवरचा काटा सर्रकन वर जायचा, आणि गाडी मात्र मागून कुणीतरी दोन्ही हातांनी धरल्यासारखी रेंगाळायची. परत येताना काही नाही, एकदम शहाणी.

"येऊ देतो, जाऊ देत नाही," शेजारीण म्हणायची आणि स्वतःच्याच दंडावरचा काटा सगळ्यांना दाखवायची.

गर्दीच्या पुढे घडीच्या खुर्चीवर गेलेल्या मालकाची आई बसली होती. कपडे दुरुस्तीच्या दुकानात तिने आयुष्य काढलं होतं. माणूस दारातून आत येईपर्यंत त्याची उसवलेली शिवण तिला दिसायची. पण गाड्यांमधले आत्मे शांत करणाऱ्या वाहनबाबाला तिनेच बोलावलं होतं, आणि त्याच्या शिवणी बघायची तिची इच्छा नव्हती.

वाहनबाबाच्या हातात पांढरे मोजे आणि गळ्यात जुन्या किल्ल्यांची माळ. त्याने बॉनेटवर कान टेकला, डोळे मिटले आणि गर्दीला ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हणाला, "आहे. आत आहे. मातोश्री, वाहन म्हणजे माणसाचा दुसरा देह. पहिला जळून जातो, दुसऱ्याचं पासिंग शिल्लक राहतं. तुमच्या मुलाला वर अजून पार्किंग मिळालेलं नाही."

एकजण फिस्सकन हसला. चार जणांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने खोकल्याचं सोंग केलं.

बाबाने आधी सुनेला शेजारी बसवलं आणि स्वतः गाडी चढावर घातली. अर्ध्या वाटेवर इंजिन किंचाळलं, गाडी मरगळली. गर्दीतून एकच सुस्कारा निघाला. मग गाडी खाली आणून त्याने सुनेला उतरवलं आणि आईला बसवलं. त्याची मोज्यातली बोटं स्टेअरिंगमागच्या पातीवर अलगद हलली, तोंडाने काहीतरी पुटपुटणं चालूच होतं. गाडी सरळ माथ्यावर गेली.

"आईला नेतो!" खालून कुणीतरी ओरडलं. "बघा, आईला कसा नेतो!"

आईला ते नीट ऐकूही आलं नाही. गाडीत एक वास कोंडला होता. जळकट, तेलकट, थोडा गोडसर. तिच्या मुलाच्या शर्टांना यायचा तोच वास. तिने रुमाल तोंडावर दाबला. मागच्या सीटकडे वळून बघायचं धाडस तिला झालं नाही.

बाबाने निकाल तिथेच दिला. सुनेने घर सोडायचं नाही. सोडलं तर पुढच्या खेपेला तो चढावर नाही, पुलावर धरेल. आणि आत्म्याची शांती होईपर्यंत गाडी बाबाच्या आश्रमात राहील. उद्या सकाळी ते स्वतः येऊन घेऊन जातील, कुणाला त्रास नको.

घरी सुनेच्या खोलीत खोकी बांधून तयार होती. ती कानांची तपासणी करायची. दुसऱ्या शहरात, लहान मुलांच्या केंद्रात तिला काम मिळालं होतं आणि आठवड्याभरात निघायचं होतं. आता आई दारात उभी राहून म्हणाली, "खोकी सोडून टाक, बाई. पुलावर काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?"

काळजी खरी होती. पण तिच्या तळाशी आणखी काहीतरी होतं, आणि ते आईला चांगलं ठाऊक होतं. मुलगा गेला नव्हता, सून जाणार नव्हती. एका भुतामुळे दोन माणसं घरात राहत होती. एवढ्या फायद्याच्या भुताला कोण घालवेल?

"आई, गाडीतून उतरलात तेव्हा तुम्ही रडत होतात," सून म्हणाली.

"त्याचा वास आला. तुला नाही कळणार."

"मला जळका वास आला."

"तोच. त्याचे शर्ट कोण धुवायचं? मीच. दोनदा भिजवले तरी जायचा नाही."

सुनेच्या हातातलं चिकटपट्टीचं रीळ तसंच राहिलं. "कधीपासून यायचा?"

"ते इंजिन वाढवून आणलं ना त्याने, ताकद दीडपट झाली म्हणून घरभर नाचला होता, तेव्हापासून. उन्हाळ्यापासून."

"तो हिवाळ्यात गेला, आई."

"मला सांगतेस?"

"म्हणजे तो स्वतः गाडी चालवत होता, तेव्हाही हाच वास होता. मग तेव्हा गाडी कोण धरत होतं?"

आई फणकारली. "तुला जायचंय ना, जा. पण जाण्यासाठी त्याला घरातून हाकलू नकोस!"

"मी हाकलत नाही हो." सून खोक्यावरच बसली. "मीसुद्धा दर वेळी चढावर आरशात बघते. मागची सीट रिकामी दिसली की बरं वाटतं की वाईट, तेसुद्धा कळत नाही. पण आज बाबा चालवत होते आणि मी नुसती ऐकत होते. इंजिनाचा सूर वर वर गेला, टायरांचा होता तिथेच राहिला. आई, कुणी मागून धरलं तर माणूस दबतो, कण्हतो. इंजिनही दबलं असतं. ते तर मोकाट सुटलं होतं. कुणी धरत नाहीये. आतमध्ये काहीतरी सुटतंय."

"हे सगळं तुझ्या यंत्रातल्या आवाजांसारखं. मला काय कळतंय!"

"कळेल. आकडे वाचता येतात ना? उद्या माझ्या शेजारी बसा आणि काट्याखाली गिअरचा जो आकडा दिसेल तो मोठ्याने म्हणा. एवढंच."

दुसऱ्या दिवशी बाबा गाडी न्यायला आला तेव्हा गर्दी कालच्यापेक्षा जास्त होती. सुनेने काचा खाली केल्या, आईला शेजारी बसवलं आणि गाडी चढावर घातली.

"दोन," आई म्हणाली. गाडी निमूट चढत होती.

सुनेने स्टेअरिंगमागची गिअर बदलायची पाती ओढली आणि पाय दाबला.

"तीन." इंजिन किंचाळलं. गाडी मरगळली. तोच वास आला, आणि या वेळी गाडीत आई होती. आईलाही नेईना तो? तिने डोळे मिटले.

"आकडा, आई. आकडा बघा."

आईने डोळे उघडले. सुनेने दुसरी पाती ओढली. "दोन," आई म्हणाली, आणि गाडीने रस्ता असा पकडला की तिची पाठ सीटला टेकली. पुन्हा तीन, पुन्हा किंकाळी. पुन्हा दोन, पुन्हा चढ. सुनेच्या एका बोटाने भूत येत होतं आणि जात होतं.

कालची मोज्यातली बोटं आईला आता आठवली. पातीवर अलगद हलणारी, मंत्रासारखी.

गाडी खाली आली तेव्हा बाबाने हात वर केले होते. "पाहिलंत? आज तो आईवरही रुसला! त्याला एकांत हवा आहे!"

आई खाली उतरली. आवाज दुकानातला होता. "महाराज, रुसला तर तीनवरच कसा रुसतो? दोनवर का नाही? गणितात तो एवढा पक्का कधीच नव्हता."

या वेळी हसू फुटलं ते कुणी खोकल्यात लपवलं नाही.

"मातोश्री, श्रद्धा..."

"ते हातमोजे काढा. माझ्या सुनेला बसवा आणि दोनवर गाडी न्या. मुलाने धरली तर आत्ता गाडी तुमची."

बाबाला तेवढ्यात दुसरीकडे एका ट्रकचा आत्मा वाट पाहत असल्याचं आठवलं.

गाडी वर्कशॉपमध्ये उघडली. मेकॅनिकने काळवंडलेल्या, काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या क्लच प्लेट बाकावर मांडल्या. "काकू, या गिअरबॉक्सला क्लच दोन असतात. एक सांभाळतो पहिला, तिसरा, पाचवा. दुसरा सांभाळतो दुसरा, चौथा, सहावा. मुलाने इंजिनाची ताकद वाढवली, पण ती पकडणाऱ्या प्लेट कंपनीच्याच ठेवल्या. पहिल्यावर गाडी हळू सुटते म्हणून निभायचं, पण तिसऱ्यावर जोर आला की या विषमवाल्या घसरायच्या. इंजिन फिरतं, चाकांपर्यंत पोचत नाही. घसरून तापतात, तेल जळतं. उतारावर जोरच लागत नाही, म्हणून येताना गुपचूप."

"आणि बाबाला हे कसं माहीत?"

"तो जुन्या गाड्या विकायचा की! घसरणारी गाडी गिऱ्हाइकाला सम गिअरवर फिरवून दाखवायची, यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता."

आईने एक प्लेट उचलून नाकाशी नेली. मुलाचा शर्ट. तिने ती ठेवून दिली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. "म्हणजे हे त्याचंच," ती म्हणाली, "पण तो नव्हे."

मजबूत प्लेट बसल्या. सून निघाली त्या सकाळी शेजारीण हळूच आईजवळ आली. "आमचा फ्रीज हल्ली कण्हतो हो. सासऱ्यांसारखा. कुणाला तरी दाखवावं म्हणते."

"फ्रीजवाल्याला दाखव," आई म्हणाली. "आणि कण्हतो तो कधी, दार उघडल्यावर की बंद असताना, ते आधी बघ. आपण काय घडतं ते बघत नाही, आपल्याला कोण हवंय ते बघतो. मीही तेच केलं. तुझ्या दारात जो कुणी येऊन म्हणेल की तुझं माणूस अडकलंय, त्याला विचार, कुठे, कधी, आणि तुझे हात कुठे आहेत ते दाखव. खरं असेल तर विचारल्याने बिघडणार नाही."

खाली गाडी सुरू झाली. आईने खिडकीचा गज धरला आणि सुनेने शिकवलं होतं तसं ऐकलं, इंजिन वेगळं, टायर वेगळे. दोन. मग तीन. क्षणभर तिने श्वास रोखला. खरं सांगायचं तर मनात एक वेडी इच्छा होती.

दोन्ही सूर एकमेकांना न सोडता चढत गेले, माथ्यावर बारीक झाले आणि पलीकडे उतरले. मग आईने गज सोडला.