दोन बोटं उंची

बुटात दडवलेली रबरी टाच आज डाव्या पायाला टोचत होती — दोन बोटं उंची, चेन्नईच्या अण्णा नगरातून गुपचूप आणलेली. तिच्या मापाने पुरुषोत्तमने पँटही लांब शिवून घेतली होती. उंची विकत घ्यायची म्हणजे थट्टाच! पण शेजारून यश चालत होता, चार वर्षांनी ज्युनिअर, ताडमाड, भारदस्त आवाजाचा... ऑफिसातला वॉचमन यशला ‘सार’ म्हणे आणि पुरुषोत्तमला ‘तंबी’. धाकटा भाऊ! अख्खं सॉफ्टवेअर लिहिलं ते या धाकट्या भावाने — आणि काल बॉस, चंद्रमौळी सर, तोंडावर म्हणाले, “काम तुझंच रे, पण उद्या क्लायंट ज्याच्याकडे बघून बोलतील, तोच लीड.”

क्लायंटच्या ऑफिसच्या काचेच्या दाराबाहेर चपलांची रांग होती; आत अनवाणीच जायचं. चेन्नईत इतकी वर्षं काढली आणि हे कसं सुचलं नाही मला... त्याने बूट काढले. उंची बुटातच राहिली, पँट टाचांखाली लोळू लागली. यशने हळूच नजर वळवली. त्या समजूतदारपणाचाच पुरुषोत्तमला संताप आला.

आत सुती साडीतली एक ठेंगणी बाई अनवाणी खुर्च्या सरळ करत होती.

“मॅडम, सर कुठे आहेत?” त्याने इंग्रजीत विचारलं.

“नानदान,” ती तमिळमध्ये म्हणाली. मीच ती. ना राग, ना हसू. रोज कुणाला तरी सांगावं लागतं तसं. हेमावती त्यांचं नाव, कंपनी त्यांचीच.

त्याच्या कानशिलांना चटका बसला. त्या वॉचमनला मनात इतक्या शिव्या घातल्या, आणि माझे डोळे तरी कुठे वेगळे निघाले...

सगळे बसले. हेमावतींनी कागद पुढे ओढले, मान वर केली आणि यशकडे बघून विचारलं, “लीड तुम्हीच ना?”

अरे, हीसुद्धा!

यशने मान वळवली. तो पुरुषोत्तमकडे बघू लागला. खरं तर आता पेटून उठायचं — पण इतकी वर्षं जपलेला तो राग पुरुषोत्तमला आत कुठे सापडेचना. राहिली होती नुसती लाज, आणि तीही या बाईबरोबर निम्मी वाटून घेतल्यासारखी. टेबलाखाली त्याने टाचेखालची पँट सोडवली, तळवे गार फरशीवर टेकवले.

“नानदान,” तो म्हणाला. आवाज नेहमीचाच, बारीक.

हेमावतींची नजर यशवरून हलायला थोडा वेळ लागला. तेवढा वेळ पुरुषोत्तम मान उंच न करता बसून राहिला.