टॉलिव्हरच्या रकान्यातली रेघ

मी बेसबॉलचा सामना मांडायची वही बोलतेय. माझ्या अकरा थोरल्या बहिणी वरच्या फळीवर भरून बसल्यात. मी बारावी, आणि बहुधा शेवटची.

ओहायोतल्या एका दुकानातून आर्लीनने मला घरी आणलं, तेव्हा तिच्या नवऱ्याने, डेलबर्टने, आधी माझं पान चिमटीत धरून पाहिलं. "जाड आहे कागद. चालेल." डेलला दिसत नव्हतं. साखरेच्या दुखण्याने त्याचे डोळे कधीच नेले होते.

माझ्या प्रत्येक रकान्यात शंकरपाळ्यासारखा एक चौकोन आहे. खेळाडू पहिल्या बेसवर पोचला की त्याची एक बाजू रेघायची, दुसऱ्यावर पोचला की दुसरी. मैदानाच्या चार कोपऱ्यांवरचे चारही बेस फिरून आला की धाव. आर्लीन पेन्सिल इतकी दाबून ओढायची की मला चर पडायचा. मग दोन चेंडूंच्या मधल्या वेळात डेलचं बोट त्या चरावरून फिरायचं. अख्खा सामना तो असा बोटाने बघायचा.

"त्यापेक्षा रेडिओ लाव की," मागच्या रांगेतला लेस्टर चिडवायचा.

"रेडिओवाल्याचा हात धरता येतो का?" डेल म्हणायचा.

मग आर्लीनच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि दोन उन्हाळे मैदान सुटलं. डेलने बेसबॉलच्या बातम्याही ऐकल्या नाहीत. तिच्याशिवाय त्याला त्यातलं काही नको होतं. त्याच काळात त्याचा भाऊ वेंडल गेला. शेवटी शेवटी तो सख्ख्या बायकोला "बाई, आपण कोण?" विचारायचा. डेलने तेव्हापासून धास्तीच घेतली. कपाळाला बोट लावून म्हणायचा, "डोळे गेले तर गेले. हे नको जायला, देवा."

एका रविवारी दुपारी आम्ही परत गेलो. पाहतो तर मैदानात घड्याळ! पंधरा सेकंदांत चेंडू टाकायचाच.

"लघवीला जाऊन येईपर्यंत डाव आटोपतो हल्ली," लेस्टर करवादला. "मेल्यांना कुठली गाडी पकडायचीय कोण जाणे!"

माझ्या पानावर पेन्सिल आणि बोट एकमेकांवर आदळायला लागली.

"बोट काढ रे!"

"अगं, थांब की जरा!"

थांबायला उसंतच नव्हती. ती दोघं एकमेकांवर खेकसताना मी पहिल्यांदाच ऐकली. मला फार वाईट वाटलं.

नऊ डाव झाले तरी बरोबरी. दहावा सुरू होताना कर्ण्यातून आवाज आला, "दुसऱ्या बेसवर, टॉलिव्हर."

शेंगा फोडणारा डेलचा हात थबकला. "टॉलिव्हर? तो तर आत्ताच बाद झाला ना?" त्याचं बोट माझ्यावर धावलं. नवव्या डावात टॉलिव्हरच्या नावापुढे बादची खूण होती. दहाव्यात काहीच नव्हतं. "मग तो तिथे गेला कसा?"

आर्लीनलाही कळेना. लेस्टर पुढे वाकला. "नवा नियम आहे, बाबा. बरोबरी झाली की शेवटी बाद झालेल्याला फुकटात दुसऱ्या बेसवर उभा करतात. सामना लवकर उरकावा म्हणून."

"न मारता? न पळता?" डेल हसला. "मला काय खुळा समजलास?" आणि मग त्याचं हसू विरलं. माझ्यावरचं बोट उचलून त्याने कपाळाला लावलं. "आर्लीन, खरं सांग. माझं वेंडलसारखं व्हायला लागलंय का?"

"नाही रे! खरंच तसा नियम आलाय."

"वेंडललाही तू अशाच गोष्टी रचून सांगायचीस. त्याला बरं वाटावं म्हणून."

आर्लीनने पेन्सिल उचलली. बारा वह्यांत तिने न घडलेली एक रेघ कधी ओढली नव्हती. दहाव्या डावात, टॉलिव्हरच्या रकान्यात, तिने दोन बाजू अशा दाबून ओढल्या की माझा कागद फाटला.

"माझीच चूक, डेल. मघाशी बाद झाला तो दुसराच, मी टॉलिव्हरपुढे खूण केली. टॉलिव्हरने आत्ता फटका मारला. त्या घड्याळाच्या नादात मांडायचं राहिलं बघ."

लेस्टरने टोपी काढून मांडीवर ठेवली.

डेलचं बोट त्या रेघांवरून दोनदा फिरलं. त्याने मोठा श्वास सोडला. "हात्तिच्या! म्हणजे तूच म्हातारी झालीस तर!" आणि सोललेले दाणे त्याने तिच्या तळहातावर ठेवले.

घरी जाताना गाडीत तो हळूच म्हणाला, "आता राहू दे गं मैदान. तुला नाही झेपत."

"हो," आर्लीन म्हणाली. "मला नाही झेपत."

त्यानंतर आम्ही गेलो नाही. निम्मीअधिक पानं कोरी घेऊन मी स्वयंपाकघराच्या टेबलावर पडून असते. डेल अधूनमधून मला जवळ ओढतो, ती फाटकी रेघ शोधतो आणि म्हणतो, "टॉलिव्हरचा तो फटका कसा होता गं? माझा ऐकायचा राहिला."

"फार सुंदर होता," आर्लीन भांडी घासत सांगते.

तुमच्यापैकी कुणी कधी या घरी आलात, तर एवढं करा. बसा, कॉफी घ्या, हव्या तेवढ्या बेसबॉलच्या गप्पा मारा. फक्त दहाव्या डावाचा तो नियम त्याच्यापुढे काढू नका.