अठरा विसा आणि सात

कोंडिबा धनगराचं डोकं तल्लख, आणि त्या तल्लख डोक्यानंच घराचं वाटोळं केलं. मेंढरं विसा-विसांनी मोजायची रीत. त्याचा कळप अठरा विसा आणि सात, म्हणजे तीनशे सदुसष्ट, आणि हा आकडा मेल्यानं मुद्दाम राखलेला. बायकोला, तुकाबाईला, त्यानं एकदा खडे मांडून दाखवलं होतं. दोनदोनच्या रांगा लाव, तीनतीनच्या लाव, सातसातच्या लाव, पार एकोणीसपर्यंत जा. दर वेळी खडे उरतातच. त्याच्या पुढं रांगा कमी आणि रांगेतले खडे जास्त, म्हणजे तेच उलटं मांडायचं, बघायची गरजच नाही.

"ह्यो आकडा कुनालाच फुटत न्हाई," तो म्हणाला होता. "पोरं एकत्र ऱ्हात्याल."

मरताना त्यानं तिघा पोरांना बिरोबाचा भंडारा उचलून आण घ्यायला लावली. वाटण्या केल्याच तर सारख्या करायच्या, आणि त्याआधी एकही मेंढरू विकायचं नाही, कापायचं नाही.

महिना झाला नाही तोच धरणाचं पाणी चढलं आणि नदीकाठची कुरणं बुडाली. एवढा कळप एका रानात पोसेना. तिघांनी तीन वाटा धरायचं ठरलं. प्रत्येकाला एकशे बावीस आली आणि उरला घंटेचा मेंढा. सगळा कळप त्याच्याच मागं चालायचा, त्यामुळं तो ज्याचा, त्याच्या मागं बाकीच्यांचीही मेंढरं जाणार. आईला द्यावा, तर आई ज्याच्याकडं राहील त्याचा. तुकाबाईला उपाय लख्ख दिसत होता: मेंढा कापायचा. पण देवाची आण मोडायला तिचा हात धजेना. ती नुसती बघत उभी राहिली.

मधल्या म्हसूनं मेंढ्याचं शिंग धरलं. थोरल्या धुळाजीनं त्याच्या मनगटावर काठी घातली, तसं हाड मोडल्याचं तुकाबाईला ऐकू आलं. म्हसूनं डाव्या हातानं कुऱ्हाड उचलली आणि धुळाजीचा कान गालासकट उतरवला. धुळाजीनं तीच कुऱ्हाड हिसकावून भावाच्या मानेत घातली, मग पुन्हा घातली. म्हसू मेंढरांत कोसळला. बुजलेली मेंढरं त्याला तुडवत पांगली.

तुकाबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. जीव गेला होता. तिला हंबरडा फोडायचा होता, पण धाकट्या सावळ्याचा आवाज आला.

"आता दोगांतच वाटायचं, दादा. मेंढा माझा."

एकशे त्र्याऐंशी, एकशे त्र्याऐंशी, आणि तरी एक उरतच होता. धुळाजीनं रक्ताळलेली कुऱ्हाड सावळ्याकडं वळवली.

म्हातारी उठली. थोरल्याच्या हातातून तिनं कुऱ्हाड ओढली, मेंढ्याचं शिंग धरलं आणि मानेवर तीन घाव घातले. घंटा चिखलात पडली. रक्त तिच्या तोंडावर, लुगड्यावर उडालं. दोघं पोरं जागच्या जागी थिजली.

"मोजा," ती म्हणाली. "आता दोगांना सारकी येत्यात."

मग ती म्हसूपाशी परत जाऊन बसली आणि त्याच्या तोंडावरचा चिखल पदरानं पुसू लागली.

"तिगांनाबी सारकीच आली असती."