तिसऱ्या सालची विचारणा

निजाम मुनशी येणार हे उंद्रीत कळलं, तसा इंद्रभान वांग्यांची पाटी डोक्यावर घेऊन अमडापूरला निघून गेला. बाजार दुसऱ्या दिवशी होता.

निजामचं काम साधं होतं. नागपूरच्या कचेरीने ठरवून दिलेली माणसं दरसाल गाठायची आणि दारूचं काय चाललंय ते विचारायचं. माणूस पितो कधी, सोडतो कधी, सोडलेला परत वळतो का, हे साहेबांना पाहायचं होतं. पहिल्या साली इंद्रभान रोज पीत होता. दुसऱ्या साली त्याने चावडीत सगळ्यांदेखत ‘सोडली’ म्हणून सांगितलं. निजामने शाबासकी दिली, पाटलाने नारळ दिला.

यंदा दारात त्याची बायको रुक्मिणीबाई उभी होती.

“थे तुमच्याच भेवानं अमडापूरले पळाले, मुनशीजी.”

“माह्या? काऊन?”

“तुम्ही गेले अन् आठ दिवसांत पुन्हा सुरू झाली. पन नारळ घेतलेला मानूस गुत्त्यावर कसा जाईल? ज्वारीत लपून पेत होते. पह्यले निदान घरी येऊन पडत.”

चावडीतली आपली ती मोठ्याने दिलेली शाबासकी निजामला आठवली. सायकल वळवून तो तडक अमडापूरला गेला.

इंद्रभान एका झाडाखाली सापडला. वांगी तशीच पडली होती. निजामला पाहून तो उठला, बसला, पुन्हा उठला.

“लिवा. पेतो म्हनून लिवा.”

“आज पेलास?”

“नाही. पोळ्यापासून नाही.”

“मंग सोडली म्हन ना.”

“तेच नका म्हनू!” इंद्रभान ओरडला. आजूबाजूची माणसं वळली, तसा त्याचा आवाज खाली आला. “सोडली म्हटलं का छातीवर धोंडा बसते. उद्याचं मले काय मालूम? आज नाही, एवढं लिवा.”

“तसा रकाना नाही, भाऊ.”

“नाही तर नसो. मी दुसरं सांगनार नाही.”

निजामने रकान्यांचा कागद सायकलच्या सीटवर पसरला. मग त्याने समासात बारीक अक्षरात लिहिलं, ‘आज नाही’, आणि कागद घडी करून खिशात टाकला. गाडीवाल्या व्यापाऱ्याला वांगी येईल त्या भावात देऊन दोघं उंद्रीच्या वाटेला लागले.

वाटेवर गुत्ता होता. लांबूनच मोहाच्या दारूचा वास आला. इंद्रभानचे पाय अडखळले. त्याने सायकलची मूठ घट्ट धरली.

“मुनशीजी, बोलत राहा. काईबी बोला.”

निजाम आपल्या आईच्या बकरीबद्दल बोलू लागला. ती शेजाऱ्याचं धोतर खाते, आई तिलाच कशी लाडाने भाकर चारते, असं काहीही. इंद्रभान मान खाली घालून ‘हाव, हाव’ म्हणत चालत राहिला. गुत्ता मागे पडला तरी त्याने मूठ सोडली नाही.

घरी पोचल्यावर रुक्मिणीबाई जवळ आली. इंद्रभानने स्वतःच तिच्यासमोर तोंड उघडून श्वास सोडला. तिने डोळे मिटले, आणि मग चहाचं आधण ठेवायला आत गेली.

इंद्रभानला मात्र बसवेना. अंगणात फोडलेली लाकडं पुष्कळ होती, तरी त्याने कुऱ्हाड उचलली आणि तो आणखी फोडू लागला. निजामने सायकल भिंतीला लावली, आणि फुटलेली लाकडं रचू लागला.