सालींचं पाणी

“आणि ही कृती माझ्या आजीची बरं का!” ग्रंथपाल बाई माइकमधून म्हणाल्या, तेव्हा मावशी जिन्याच्या वळणावर कठडा पुसत होती. तिचं फडकं जागच्या जागी थांबलं.

खाली दालनात पंचवीसेक खुर्च्या भरल्या होत्या. टेबलावर बाटल्यांची रांग, आणि प्रत्येकीत नारिंगी पाणी. संत्र्याच्या साली, गूळ आणि पाणी, तीन महिने मुरवलेलं. नळ, बेसिन, संडास, सगळं लख्ख करणारं. घरचं, स्वस्त, आणि हात न जाळणारं. बाईंना ही आजी अलीकडेच झाली होती. सहा महिन्यांपूर्वीपर्यंत त्या म्हणायच्या, “मावशी, तुमच्या त्या डब्यांचा वास वरपर्यंत येतो हं.”

मावशी या वाचनालयात एकोणीस वर्षं सफाई करत होती. पहिली सात वर्षं ॲसिडनं संडास धुतले. बोटांची कातडी सोलून निघायची आणि खोकला छातीत घर करून बसला. डॉक्टर म्हणाले, काम सोडा. काम सोडून खायचं काय, हवा? तिनं ॲसिडच सोडलं. कोपऱ्यावरच्या रसवाल्याकडून साली आणायच्या आणि तळघरातल्या खोलीत डबे मांडायचे, असं सुरू झालं. पहिले तीन डबे नासले. चौथ्याचं झाकण उडून छताला आपटलं, तेव्हा कळलं की पहिला महिनाभर झाकण रोज सैल करून आतली हवा सोडावी लागते. बेसिनपाशी उरलेले साबणाचे तुकडे किसून तिनं फरशीसाठी वेगळं पाणीही तयार केलं. हे सगळं जमायला चार वर्षं गेली. बाईंनी सालींच्या पाण्याची कृती एका दुपारी स्टुलावर बसून वहीत उतरवून घेतली. “नाव तुमचंच छापून आणू, मावशी,” असंही वर म्हणाल्या.

मावशीनं घरी जाऊन ते सुनेला सांगितलं. तिथंच चुकलं.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सुनेनं वर्तमानपत्र उघडलं. बाईंचा हसरा फोटो, हातात बाटली. सुनेनं बातमी बोट फिरवत दोनदा वाचली.

“आई, तुमचं नाव कुठंय यात?”

“असेल खाली कुठंतरी.”

“खाली चपलांची जाहिरात आहे.”

सून खवचट असती तर बरं झालं असतं. तिनं पेपरची घडी घातली, चहाचं आधण ठेवलं आणि हळूच म्हणाली, “जाऊ द्या हो आई. शेवटी सालीच तर आहेत.”

सालीच तर आहेत! मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं त्या दिवशी डूख धरला. तिला ना बक्षीस हवं होतं ना हार. चार माणसांसमोर बाईंच्या तोंडून चार शब्द निघायला हवे होते: ही कृती मावशींची आहे. बाई मनानं वाईट नव्हत्या, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. भेटू देत. आयत्या बिळावरचा नागोबाही स्वभावानं शांतच असतो.

महिन्याभरानं बाई स्वतः तळघरात उतरल्या, आणि तेही नाकाला रुमाल न लावता.

“मावशी, ‘स्वच्छ संस्था’ बक्षिसासाठी समिती येतेय परवा. त्यांच्यासमोर दालनातली फरशीच पुसून दाखवू या. पाणी न घालता, एकदम कडक. तिथंही हेच वापरता ना तुम्ही?”

दालनातली फरशी संगमरवरी होती आणि मावशीचा जीव त्या फरशीत होता. एकोणीस वर्षांत तिनं तिथं दुसऱ्या कुणाला फडकं लावू दिलं नव्हतं. ती स्वतः गुडघे टेकून, मऊ कापडानं, नुसत्या साबणचुऱ्याच्या पाण्यानं पुसायची. आंबट पाणी संगमरवराला खातं, हे सालींचं पाणी करायला घेतलं त्याच वर्षी सांडलेल्या एका थेंबानं तिला शिकवलं होतं. बाईंच्या वहीत हे नव्हतं, कारण बाईंनी विचारलं नव्हतं.

आता विचारत होत्या. एका वाक्याचं काम होतं. ते मावशीच्या ओठांपर्यंत आलंसुद्धा.

“आजींनी सांगितलं असेलच की, बाई,” ती म्हणाली.

बाई जरा गोऱ्यामोऱ्या झाल्या. मग हसल्या. “चला, म्हणजे चालतंय!” दोन डबे वर पाठवायला सांगून त्या निघून गेल्या. मावशीनं वास घेऊन घेऊन सगळ्यात आंबट असे दोन डबे निवडले आणि गुणगुणत पाणी गाळलं. इतकं हलकं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

समितीतले तीन पाहुणे आले. बाईंनी दालनाच्या मधोमध सढळ हातानं पाणी ओतलं. एका पाहुण्यानं हौसेनं फडकं फिरवून फोटो काढून घेतला. मग आजीच्या आठवणी झाल्या, चहा झाला. पाऊण तास पाणी फरशीवर तसंच होतं. मावशी खांबाला टेकून मिनिटं मोजत होती.

फरशी पुसली, वाळली, आणि मधोमध हातभर लांबीचे पांढुरके डाग वर आले. सगळ्यात वयस्कर पाहुणा वाकला आणि त्यानं बोट फिरवलं.

“बाई, हे खरखरीत लागतंय. तुम्ही ॲसिड तर नाही ना ओतलंत?”

बाईंनी पुसलं. पुन्हा घासून पुसलं. मग ओरडल्या, “मावशी! हे काय झालं?”

हे उत्तर मावशी दोन दिवस तोंडात घोळवत होती. “मला काय विचारता, बाई? कृती तुमच्या आजीची.”

एक पाहुणा फिसकन हसला. बाईंचा चेहरा पडला, आणि मावशीनं तो डोळे भरून पाहून घेतला.

“कुठली आजी घेऊन बसलात!” बाईंचा आवाज चिरकला. “ही कृती मावशींची आहे! मी नुसती लिहून घेतली. विचारा त्यांनाच!”

अगदी तेच चार शब्द, चार माणसांसमोर, मोठ्यांदा. तिन्ही पाहुण्यांनी आधी डागांकडे पाहिलं आणि मग त्याच नजरेनं मावशीकडे. नाही म्हणून टाकणं सोपं होतं. तिचं नाव कुठं छापलेलं नव्हतं.

“हो, माझीच आहे,” मावशी म्हणाली. “आणि ती संगमरवराला लावायची नसते, हेही मला ठाऊक होतं.”

पाहुणे चपला घालून निघाले. बाईंनी स्वतःच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं. उद्यापासून येऊ नका, असं अजून त्या म्हणाल्या नव्हत्या.

वॉचमन दारातून आत आला. “जिरवलीत की मावशी! झक्कास!”

“हं,” मावशी म्हणाली.

तो गेल्यावर तिनं बादलीत साबणचुऱ्याचं पाणी कालवलं, दालनाच्या मधोमध गुडघे टेकले आणि डागावरून मऊ फडकं फिरवलं. ओली होती तोवर फरशी पूर्वीसारखी झळकली. मग कडेकडेनं वाळत आली आणि डाग पुन्हा वर आला. मावशीनं फडकं पुन्हा बादलीत बुडवलं.