वल्हं सुटल्यानंतर

देवासमोर स्वस्थ बसण्याचा क्षण प्रत्येकाच्या आयुष्यात एकदा तरी येतो, आणि तो आला की जगातली बाकीची कामं क्षुल्लक वाटू लागतात. मावशीच्या आयुष्यात हा क्षण शनिवारी सकाळी साडेअकरा वाजता, सभागृहाच्या पहिल्या रांगेत, गादीच्या खुर्चीवर आला. आणि तिच्या मनात पहिला विचार आला तो हा, की बटाटे आत्तापर्यंत शेगडीवर चढायला हवे होते.

"आजी, तुम्ही पण शिबिराला आलात?" शेजारच्या चष्मेवाल्या मुलीने विचारलं. असेल नऊ-दहा वर्षांची. तिच्या गळ्यात निळ्या फितीचा बिल्ला होता. तसाच मावशीच्याही गळ्यात होता. त्यावर लिहिलं होतं, 'मी पहिल्यांदाच आलो आहे!'

"हो बाई," मावशी म्हणाली. "पहिल्यांदाच."

हे तसं खोटं नव्हतं. या उन्हाळी शिबिर आणि साधना केंद्राच्या स्वयंपाकघरात मावशीने एकतीस उन्हाळे काढले होते. सभागृहापासून तिची शेगडी चाळीस पावलांवर होती. एवढ्या काळात हजारो मुलं आली, गायली, रडली, देवाला भेटून घरी गेली. मावशीने त्या सगळ्यांना जेवायला घातलं. पण अख्खी उपासना, पहिल्या गाण्यापासून शेवटच्या आमेनपर्यंत, तिने कधी ऐकली नव्हती. आता ती निवृत्त होत होती. तिला काय द्यावं यावर व्यवस्थापक मंडळाने दोन बैठका घेतल्या. तिसऱ्या बैठकीत कोणीतरी म्हणालं, "त्यांनाच शिबिराला बसवूया की!" यात खर्च काहीच नसल्याने ठराव एकमताने संमत झाला.

अट एकच होती. आठवडाभर मावशीने स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. स्वयंपाकघर आता तिच्या सुनेकडे आलं होतं, आणि अटही सुनेनेच घातली होती.

"आई, तुम्ही आत आलात तर मी बाहेर जाईन," तिने सोमवारीच सांगून टाकलं. "दोघींपैकी एकच."

"अगं, नुसतं मीठ बघून जाते."

"मीठ मलाही कळतं."

मावशीने मान डोलावली आणि पाच दिवस शब्द पाळला. गाणी गायली. शास्त्रपाठाला बसली. रंगीत कागद कापून मेंढरू केलं. ते जरा मांजरासारखं झालं, पण कोणी काही बोललं नाही. हे सगळं गोडच होतं. पण मावशी आठवडाभर वाट बघत होती ती शनिवारची. शनिवारी केंद्राचे धर्मगुरू, पाळकसाहेब, साक्ष द्यायचे.

साक्ष म्हणजे देवाने आपल्याला कसं वाचवलं, ते चार लोकांसमोर उभं राहून सांगणं. पाळकसाहेबांची साक्ष केंद्रात सगळ्यांना ठाऊक होती. सतरा वर्षांचे असताना ते याच शिबिराला आले होते. पक्के वांड. देव नाही, बाप नाही, कोणाचं ऐकणं नाही. एका पहाटे कोणाला न सांगता त्यांनी मागच्या तळ्यात होडी लोटली. पोहता येत नव्हतं. तळ्याच्या मधोमध धुकं उतरलं. काठ दिसेना. वारा सुटला. होडी गरगरायला लागली. आणि मग पाळकसाहेब दोन्ही हात पुढे करून, आवाज अगदी खाली आणून म्हणायचे, "आणि तेव्हा, मुलांनो... माझ्या हातातलं वल्हं सुटलं."

बरोबर याच वेळी बाराला पाच कमी असायचे. बारा वाजता आधण यायचं, आणि भात वैरला नाही तर साठ मुलं जेवायला उशिरा बसायची. मागच्या खांबापाशी, मोडक्या पायाच्या खुर्चीवर बसून हात पुसत ऐकणारी मावशी उठायची. खुर्ची कर्रकन वाजायची. मावशी निघून जायची. पाळकसाहेब तळ्याच्या मधोमध राहायचे.

एकतीस उन्हाळे, दर उन्हाळ्याला तीन शिबिरं. मावशीच्या लेखी पाळकसाहेब नव्वदवर वेळा बुडायच्या बेतात आले होते, आणि एकदाही काठाला लागले नव्हते.

पुढे काय झालं, हे कोणालाही विचारता आलं असतं. पहिल्या दोन-तीन वर्षांत तिने विचारायला हवं होतं. मग पाच वर्षं झाली, दहा झाली, आणि विचारणं अवघड होऊन बसलं. दहा वर्षं रोज भेटणाऱ्या माणसाला त्याचं नाव विचारावं, तसं. एकदा तिने नवऱ्याला विचारलं होतं. तो केंद्राची बस चालवायचा. पण उपासनेच्या वेळी तो बसमध्ये मागच्या बाकावर आडवा असायचा. "वाचले असणार," तो डोळे न उघडता म्हणाला होता. "नाहीतर मला रोज ब्रेकवरून कोण बोललं असतं?"

म्हणून मग भात वैरता वैरता मावशी स्वतःच त्यांना वाचवायची. कधी कोळ्याची नाव यायची. कधी आकाशातून आवाज. चार वर्षांपूर्वी नवरा गेला, त्या उन्हाळ्यात तिने त्यालाच पाठवलं. धुक्यातून तो सावकाश वल्हवत आला, खाकी शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, आणि म्हणाला, "चला साहेब, बसा." तेव्हापासून तिने दुसरं कोणाला पाठवलं नव्हतं. पण हे आपलं तिच्या मनातलं. खरं काय झालं ते ऐकायला हा एकच शनिवार होता. पुढच्या उन्हाळ्यात ती इथे नसणार होती.

पाळकसाहेब उभे राहिले. आता केस पांढरे झाले होते, पण आवाज तसाच होता. ते घड्याळ बांधत नसत. वेळ आपली नाही, प्रभूची आहे, असं म्हणत. सभागृहातलं घड्याळ त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर होतं, त्यामुळे प्रभूचा वेळ किती झाला हे त्यांच्याखेरीज सगळ्यांना दिसायचं.

वांडपणा झाला. होडी झाली. धुकं उतरलं. मावशीने पदरचं पाच दिवसांचं पुण्य खर्ची घालायच्या तयारीने हात जोडले.

"आणि तेव्हा, मुलांनो... माझ्या हातातलं वल्हं सुटलं."

घड्याळात बाराला पाच कमी होते. पाळकसाहेब थांबले. त्यांनी मागच्या खांबाकडे पाहिलं. मोडकी खुर्ची रिकामी होती. त्यांनी सगळ्या रांगांवरून नजर फिरवली आणि शेवटी पहिल्या रांगेत त्यांना मावशी दिसली. मावशी त्यांच्याकडे बघून प्रेमाने हसली आणि गादीत आणखी नीट बसली.

"सुटलं," पाळकसाहेब पुन्हा म्हणाले. "वल्हं."

मग ते पुढे बोलायला लागले. मावशी कान देऊन ऐकू लागली. वारा वाढला. आईची आठवण आली. एक मोठा मासा होडीखालून गेला. बारा वाजून दहा मिनिटांनी वीज चमकली. सव्वाबाराला पाळकसाहेबांनी दुसरं वल्हं काढलं, आणि तेही सोडून दिलं. दर दोन वाक्यांनी ते मावशीकडे बघत होते. तिला वाटलं, बघा, साहेबांना कळलंय. मी पहिल्यांदा ऐकतेय हे त्यांना कळलंय, म्हणून माझ्यासाठी सगळं सविस्तर सांगतायत. तिचे डोळे भरून आले.

बारा वाजून पंचवीस मिनिटांनी वास आला.

आधी नुसतं लोणी. मग साल. मग तळ. मावशीला वासावरून पातेलंसुद्धा कळलं. ते उभट, पातळ बुडाचं. त्याच्याखाली तवा ठेवावा लागतो. हे सुनेला सांगायचं राहून गेलं होतं. म्हणजे अगदी राहून गेलं होतं असंही नाही. मिठावरून बोलणं झाल्यावर मावशीने ते राहू दिलं होतं.

ती जागची हलली नाही. सूनबाईला नाक होतंच की. आणि साहेब कुठल्याही क्षणी काठाला लागणार होते.

साहेबांच्या कपाळावर घाम आला होता. होडीला आता भोक पडलं होतं.

"आजी," चष्मेवाली कुजबुजली, "हे कधी संपणार?"

"थांब ना बाळा. अजून वाचायचेत ते."

मुलीने पाळकसाहेबांकडे नीट निरखून पाहिलं. "पण ते तर इथे उभे आहेत."

"तरीपण."

"मला भूक लागलीय, आजी."

मावशीने तिच्याकडे पाहिलं. चष्म्यामागचे डोळे अगदी खरे भुकेले होते. मागे सगळ्या रांगांमध्ये चुळबुळ चालली होती; कोणाचं तरी पोट वाजलं आणि त्याच्या शेजारचे हसले. एकतीस उन्हाळ्यांत मावशीच्या हातून एकाही मुलाचं जेवण इतकं लांबलं नव्हतं. तिने एकदा साहेबांकडे पाहिलं, मोठा श्वास घेतला आणि उठली. गादीची खुर्ची वाजली नाही.

"आणि प्रभूने मला वाचवलं आमेन!" पाळकसाहेब एका दमात म्हणाले आणि मटकन खाली बसले.

मावशी दारातच उभी राहिली. पोरं तिच्या दोन्ही बाजूंनी जेवणघराकडे पळाली. वाचवलं. एवढंच. कसं, कुठून, कोणाला पाठवून, त्याचा पत्ताच नाही.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर थांबून तिने हाक मारली. आत सून पातेल्यावर उलथनं धरून उभी होती आणि तिचं नाक लाल झालं होतं.

"आत येऊ नका हं, आई."

"नाही येत. इथूनच सांगते. वरवरचे काढून घे, तळाला हात लावू नकोस. आणि पुढच्या वेळी त्याच्याखाली तवा ठेव."

"हे आधी नाही सांगता आलं?"

"म्हटलं, मीठ कळतं तर पातेलंही कळत असेल."

सुनेने डोळे पुसले, मग हसली, आणि वरचे बटाटे काढायला लागली. "या आता आत," ती म्हणाली. "एवढं झाल्यावर काय बाहेर उभ्या राहता!"

"नको. शब्द म्हणजे शब्द," मावशी म्हणाली, आणि दारातूनच सगळं वाढायला लावलं.

दुपारी मुलं आडवी झाली. कार्यक्रमपत्रिकेवर मावशीच्या नावापुढे 'नौकाविहार' असं लिहिलेलं होतं. मागच्या तळ्यावर तिचं कधी जाणंच झालं नव्हतं; दुपारची ती वेळ भांड्यांची. काठावर पाटी होती: 'सावधान! पाणी अत्यंत खोल आहे.' पाळकसाहेबांच्या पहिल्या साक्षीनंतर मंडळाने घाबरून ती लावली होती, आणि तेव्हापासून तिच्या धाकाने कोणी पाण्यात बोटसुद्धा बुडवलं नव्हतं. पाणी हिरवंकाळं, तळ न दिसणारं.

होडीपाशी खुद्द पाळकसाहेबच उभे होते. दोघांनी नारिंगी जॅकेटं घातली, दोन दोनदा पट्टे आवळले. साहेबांनी वल्ही मारायला सुरुवात केली. मावशीने दोन्ही हातांनी कडा धरून ठेवल्या. मधोमध आल्यावर ते थांबले.

"मावशी, आज उठला का नाहीत?"

"शेवट ऐकायचा होता, साहेब. एकतीस वर्षं राहिलाय."

पाळकसाहेबांनी वल्ही होडीत ठेवली. बराच वेळ ती निथळत राहिली.

"शेवट नव्हताच," ते म्हणाले. "पहिल्या वर्षी वल्हं सुटल्यावर पुढे काय सांगावं कळेना. उभ्या उभ्या घाम फुटला. तेवढ्यात मागे तुमची खुर्ची वाजली, पोरांनी माना वळवल्या, आणि मी आमेन म्हणून मोकळा झालो. मला वाटलं, प्रभूनेच वाजवली."

"प्रभूने नाही हो. भाताने."

"तेव्हापासून तुम्ही उठलात की मी आमेन म्हणतो. तुमच्या उठण्यावरच चाललंय माझं सगळं."

मावशी विचारात पडली. आपण उठून गेल्यावर तिथे काहीच होत नव्हतं, हे तिला हळूहळू उमगत गेलं. म्हणजे तिचं काही चुकलंच नव्हतं. उलट सभागृहातल्या साठ जणांपेक्षा जास्तच तिने ऐकलं होतं, शेगडीपाशी. तिला एकदम फार बरं वाटलं.

"तुम्हाला काय वाटायचं?" साहेबांनी विचारलं. "कसा वाचलो असेन मी?"

"आमचे हे यायचे." ती थोडी लाजली. "धुक्यातून होडी घेऊन. 'चला साहेब, बसा' म्हणायचे."

"आणि मी बसायचो?"

"गुमान. ब्रेकवरून एक शब्द बोलायचा नाहीत."

पाळकसाहेब मोठ्याने हसले. मग चष्मा पुसत म्हणाले, "हे फार छान आहे, मावशी. माझ्यापेक्षा कितीतरी छान."

"पण खरं काय झालं होतं? इथे तर कोणी नाहीये. आता तरी सांगा."

साहेबांनी एकदा काठाकडे पाहिलं. कोणी नव्हतं. मग त्यांनी बूट काढले, मोजे काढून बुटांत घातले, विजारीचे पाय नीट घड्या घालून वर दुमडले, आणि मावशी "अहो साहेब!" म्हणून ओरडायच्या आत तळ्याच्या मधोमध होडीतून खाली उतरले.

ते उभे राहिले. मावशी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने चपला काढल्या, कपडे सावरून वर धरले आणि तीही उतरली. चिखल थंड आणि मऊ होता. दोघांनी दोन बाजूंनी होडी धरली आणि ती ओढत, सुनेच्या बटाट्यांबद्दल बोलत, चालत काठाकडे आले.

पाणी मावशीच्या गुडघ्याच्या चार बोटं खाली होतं.